आग रामेश्वरी, बूस्टर सोमेश्वरी

मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या गेल्या, दुकानांच्या दारातले ते पायाने दाबायचे स्टँड भंगारात गेले. महामारीतून एक शब्द मात्र आपल्या घरात कायमचा राहायला आला : इम्युनिटी. च्यवनप्राशच्या डब्यावर तो आधीपासून होताच; आता चहाच्या पुड्यावर आहे, ज्यूसच्या खोक्यावर आहे, लहान मुलांच्या गमीवर आहे. दिवाळीनंतर हवा धुरकट झाली की त्याचा सख्खा भाऊ येतो : फुफ्फुसांचा डिटॉक्स. गूळ खा, हळद प्या, अमुक वाफ घ्या, तमुक कॅप्सूल मागवा, लिंक बायोमध्ये आहे.

या शब्दाला माझा आक्षेप आहे. काढा कडू लागतो म्हणून नाही. 'प्रतिकारशक्ती वाढवा' या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे. शरीराचं संरक्षण म्हणजे फोनच्या आवाजासारखी एक पट्टी. डावीकडे आजार, उजवीकडे आरोग्य. जितकी उजवीकडे सरकवाल तितकं बरं. फुफ्फुसाच्या बाबतीत हे साफ चूक आहे. आणि ही चूक निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे चुकीच्या गोष्टी पोटात जातात, पैसे चुकीच्या खिशात जातात आणि जबाबदारी चुकीच्या माणसाच्या गळ्यात पडते.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहितो. पण ज्या पुराव्यावर बोलतोय तो उघड छापलेला आहे, आणि त्यातला मुख्य साक्षीदार तुमच्या ओळखीचा आहे. तुमच्या बाथरूमच्या आरशाशेजारी एका छोट्या बाटलीत तो कदाचित आत्ताही बसलेला असेल.

बाटलीतला साक्षीदार

त्याचं बाजारातलं नाव हायलुरॉनिक ॲसिड. चेहऱ्याला लावायच्या सीरममध्ये जो 'पाणी धरून ठेवणारा' पदार्थ असतो तो. अभ्यासक त्याला हायलुरॉनन म्हणतात. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून तो वेगळा काढला. काचेसाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याच्या नावाचा पहिला भाग आला आणि त्यातल्या युरॉनिक ॲसिडवरून दुसरा.

तो फक्त डोळ्यात नसतो. सांध्यांच्या वंगणात असतो, कातडीत असतो, नाळेत असतो, फुफ्फुसाच्या भिंतींमध्ये आणि तिथल्या पेशींच्या पृष्ठभागावर असतो. ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सगळा मिळून साधारण १५ ग्रॅम; म्हणजे तीन चमचे साखर म्हणा. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा रोज मोडला जातो आणि तेवढाच नवा तयार होतो. शरीर एखाद्या पदार्थावर रोज एवढी मेहनत घेतं, तेव्हा तो निव्वळ भरावासाठी टाकलेली रेती नसणार.

त्याची रचना अतिशय कंटाळवाणी आहे, आणि गंमत तिथेच आहे. दोन शर्करा, एकाआड एक. बस्स. तीच जोडी हजारो वेळा पुढे चालू. डीएनएमध्ये चार अक्षरं असतात आणि त्यांच्या क्रमात मजकूर असतो. प्रथिनांमध्ये वीस प्रकारचे मणी असतात आणि त्यांच्या क्रमात आकार असतो. हायलुरॉननमध्ये क्रम असा नाहीच. क-ख-क-ख-क-ख, शेवटपर्यंत. माहिती साठवण्याच्या दृष्टीने पाहिलं तर ही रिकामी फाइल आहे.

तरीही शरीर ही फाइल वाचतं. कारण माहिती तिच्या अक्षरांत नसून लांबीत आहे.

निरोगी ऊतींमध्ये ही साखळी प्रचंड लांब असते. तिचं वजन कित्येक लाख डाल्टनपासून काही दशलक्ष डाल्टनपर्यंत जातं. अशी अखंड साखळी पाणी धरते, पेशींभोवती ओलसर अस्तर घालते आणि आसपासच्या भक्षक पेशींना सांगते की इथे सगळं ठीक आहे. घशाचा संसर्ग करणारा स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू या भाषेत इतका पटाईत आहे, की तो स्वतःभोवती हायलुरॉननचंच वेष्टण विणतो. आपलंच कापड अंगावर घेऊन चोर आपल्याच अंगणातून जातो आणि राखणदार त्याला घरचा माणूस समजतात.

आता तीच साखळी तुटली असं समजा. विषारी वायूने, संसर्गाने, औषधाच्या दुष्परिणामाने, व्हेंटिलेटरच्या अति ताणाने. दाहात तयार होणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तिला तोडतात, एन्झाइमं तिला कातरतात. पदार्थ तोच, दोन शर्करा त्याच, पण तुकडे आखूड. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आखूड तुकडे फुफ्फुसातल्या भक्षक पेशींना दिले, तेव्हा त्या पेशींनी दाहाचे निरोप धाडायला सुरुवात केली : इकडे या, कुमक पाठवा. लांब साखळीने तसं झालं नाही.

म्हणजे शरीराने आपल्याच भिंतींमध्ये गजर बसवून ठेवला आहे. भिंत अखंड असेपर्यंत तो गप्प. भिंत फुटली की तिचे तुकडेच ओरडतात. गंमत अशी की, या तुकड्यांची हाक ज्या टोल-लाइक रिसेप्टरांमार्फत ऐकली जाते, त्यांच्यापैकी काही जिवाणूंचे अंश ओळखण्यासाठी प्रसिद्ध आहेत. बाहेरचा शत्रू आणि घरातली पडझड, दोन्हींची घंटा एकाच दोरीला बांधलेली आहे. पॉली मॅट्झिंगर या संशोधिकेने १९९४ साली हाच मुद्दा सिद्धान्ताच्या रूपात मांडला होता : प्रतिकारयंत्रणा 'आपलं की परकं' एवढंच पाहत नाही, 'इथे इजा होते आहे का' हेही पाहते.

ही एक गोष्ट पटली तरी 'इम्युनिटी बूस्टर' या शब्दाचा पाया डळमळतो. फुफ्फुसात दाह उसळण्यासाठी जंतू असलाच पाहिजे असं नाही. नुसती इजा पुरते. आणि इजेमुळे वाजणारा गजर आणखी मोठा करून कोणाचंही घर वाचत नाही.

दोन प्रयोग, दोन्ही बाजूंना चपराक

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे, मग दाह वाईट, तो दाबा. बाजार यालाही तयारच आहे. 'अँटी-इन्फ्लमेटरी' लेबलाचा मसाला दुधात घालून मिळतो, तेही दीडपट दरात. म्हणून दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहू.

ब्लिओमायसिन नावाचं कर्करोगावरचं औषध आहे. त्याचा एक कुप्रसिद्ध दुष्परिणाम म्हणजे फुफ्फुसाला इजा आणि नंतर व्रण. त्यामुळे फुफ्फुसाच्या इजेचा अभ्यास करायचा तर प्रयोगशाळेत उंदरांना ते देतात. २००२ साली 'सायन्स'मध्ये पॉल नोबल यांच्या गटाचा असा एक प्रयोग आला. त्यात काही उंदरांमध्ये सीडी४४ हा रिसेप्टर नव्हता. हायलुरॉननला पकडून तुकड्यांचा निचरा करण्याच्या कामी हा रिसेप्टर येतो. साध्या उंदरांमध्ये दाह आला आणि ओसरला. सीडी४४ नसलेल्या उंदरांमध्ये तो ओसरलाच नाही. तुकडे साचत गेले, मेलेल्या पेशींचा कचरा उचलला गेला नाही, आणि उंदीर मेले. गजर वाजला होता, कुमक आली होती. कमी पडली ती आवराआवर.

२००५ साली याच गटाचा दुसरा प्रयोग 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. आता गजर ऐकणारे कानच काढले. टोल-लाइक रिसेप्टर २ आणि ४ नसलेले उंदीर घेतले. दाह हाच शत्रू असेल तर या उंदरांची चैन व्हायला हवी होती. झालं उलटं. कुमकेच्या पेशी कमी आल्या खऱ्या, पण फुफ्फुसाच्या अस्तराच्या पेशी जास्त मेल्या आणि उंदीरही जास्त दगावले. त्याच शोधनिबंधात आणखी एक निरीक्षण आहे : ज्या उंदरांच्या फुफ्फुसाच्या अस्तरावर लांब साखळीचं हायलुरॉनन मुद्दाम जास्त तयार करवलं होतं, त्यांना इजेपासून संरक्षण मिळालं.

दोन्ही प्रयोग एकत्र वाचा. आवराआवर थांबली तर मरण, आणि ऐकू येणं थांबलं तरी मरण. अखंड साखळीचा तोच निरोप अस्तराच्या पेशींना जिवंत ठेवतो आणि तिचे तुकडे तोच दरवाजा ठोठावून दंगा उसळवतात. आता सांगा, आवाजाची पट्टी उजवीकडे सरकवायची की डावीकडे? प्रश्नच चुकीचा आहे. फुफ्फुस कसं तगेल हे तीन गोष्टींवर ठरतं : इजा किती झाली, निरोप वेळेवर पोचला का, आणि काम झाल्यावर राडारोडा उचलून गजर बंद झाला का. यातली एकही गोष्ट 'शक्ती' या शब्दात बसत नाही.

सर्व्हर सांभाळणाऱ्या कोणालाही हे नवं वाटणार नाही. रात्री तीनला सिस्टीम कोसळते तेव्हा अलर्टचा आवाज वाढवून ती उठत नाही. अलर्ट बंद करून तर मुळीच नाही.

माणसांच्या फुफ्फुसात काय दिसलं

उंदरांचं उंदरांपाशी, माणसांचं काय, हा रास्त सवाल आहे. एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसात अचानक पाणी भरून श्वास कोसळण्याचा विकार झालेल्या रुग्णांच्या फुफ्फुसात हायलुरॉनन साचतं, हे १९८९ सालीच स्वीडनमधल्या संशोधकांनी नोंदवलं होतं. २०२० साली स्वीडनमधल्याच उमेओ इथल्या गटाने गंभीर कोविडने दगावलेल्या तीन रुग्णांच्या फुफ्फुसांची तपासणी प्रसिद्ध केली. जिथे हवा असायला हवी त्या वायुकोशांमध्ये त्यांना हायलुरॉनन सापडलं. हा पदार्थ पाणी किती धरतो हे सीरमच्या जाहिरातीने आपल्याला पाठ करून दिलेलंच आहे. गालावर जो गुण म्हणून विकला जातो, तोच वायुकोशात माणसाच्या जिवावर उठू शकतो. तीन रुग्ण म्हणजे अंतिम निकाल नव्हे, आणि कोविडमधला प्रत्येक मृत्यू या एका रेणूच्या नावावर टाकणं हा मूर्खपणा ठरेल. पण आधीच्या तीस वर्षांच्या निरीक्षणांशी ते जुळतं.

आता त्याच वर्षातली एक मोठी, माणसांवरची चाचणी घ्या. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं, दाह दाबणारं स्टेरॉइड तपासलं गेलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये २८ दिवसांतला मृत्युदर ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आला. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांमध्ये २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांच्यात? १४ टक्क्यांऐवजी १७.८ टक्के. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा मात्र नक्कीच दिसला नाही.

हे आकडे सावकाश वाचावेत असे आहेत. ज्या दिवसांत देशभर प्रतिकारशक्ती 'वाढवण्याचे' सल्ले फिरत होते, केंद्रीय आयुष मंत्रालय त्यासाठी काढ्याची कृती सांगत होतं, त्याच दिवसांत अत्यवस्थ रुग्णांचा जीव वाचवणारं एक औषध सापडलं; आणि ते औषध प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारं होतं. पण तेच औषध लवकर, गरज नसताना दिलं तर उपयोग शून्य. आणि बेसुमार दिलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पाहिलं. काळ्या बुरशीच्या, म्हणजे म्युकरमायकोसिसच्या वॉर्डांत अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेताल वापर ही दोन कारणं पुन्हा पुन्हा समोर येत होती. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा. पट्टी इकडे ओढा किंवा तिकडे, पट्टीच्या भाषेत विचार करणाराच फसला.

आणखी एक उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, कारण त्यात औषधच नाही. एआरडीएसच्या रुग्णांना व्हेंटिलेटरने मोठे, भरगच्च श्वास द्यायची पद्धत होती. २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत श्वासाचं आकारमान निम्मं केलं. शरीराच्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६. मृत्युदर ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आला. ताणलं जाणारं फुफ्फुस स्वतः जखमी होत होतं. तो ताण कमी केला, एवढंच. पुढे उंदरांवरच्या अभ्यासांत दिसलं की, अति ताणलेल्या फुफ्फुसात हायलुरॉननचे आखूड तुकडे तयार होतात. काही वाढवलं नाही, काही दाबलं नाही. इजा थांबवली आणि माणसं वाचली.

'पण काढ्याने नुकसान काय?'

हा सगळ्यात लाडका प्रतिवाद. आजी देत होती, आपणही पिऊ, झाला तर फायदाच. घरचा आल्याचा चहा कोणी प्यावा, त्याला माझी ना नाही. पण 'नैसर्गिक आहे, नुकसान काय' हे वाक्य बाटलीबंद झालं की धोकादायक होतं. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. महामारीत प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती, आणि तिचं स्वरूप स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेने यकृतावर हल्ला करावा तसं होतं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी खाल्लेली वनस्पती नक्की गुळवेलच होती हे सिद्ध केलेलं नाही. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. वाद चालू राहील. पण 'बूस्ट' करायला निघालेल्या माणसाने एकदा तरी विचारावं : मी जे जागं करतोय ते नक्की कोणाच्या अंगावर जाणार आहे?

दुसरा प्रतिवाद जास्त हुशार आहे : लस म्हणजे तरी काय, इम्युनिटी वाढवणंच ना? नाही. लस एका विशिष्ट जंतूची ओळख करून देते. राखणदाराला चोराचा फोटो दाखवणं वेगळं आणि त्याला दारू पाजून हातात लाठी देणं वेगळं.

तिसरा प्रतिवाद मला मान्य आहे, फक्त त्याचा फायदा गमीवाल्यांना मिळत नाही. कुपोषित शरीर खरोखरच आजाराला लवकर बळी पडतं. झारखंडमधल्या रेशन्स या चाचणीचे निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाले. क्षयरोग्यांच्या घरातल्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ असा पूरक आहार दिला, तेव्हा त्यांच्यात क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. प्रतिकारशक्ती या शब्दाचा प्रामाणिक अर्थ शोधायचाच असेल तर तो इथे आहे : डाळ, तांदूळ. ज्यांच्या ताटात ते नाही त्यांच्यासाठी बूस्टरची जाहिरात नसते. ज्यांच्या ताटात ते आहे, त्यांना त्या जाहिरातीची गरज नसते.

चौथा प्रतिवाद विज्ञानाच्या आतून येतो आणि त्याला बगल देणं लबाडी होईल. हायलुरॉननचे तुकडे खरंच गजर वाजवतात, की प्रयोगात वापरलेल्या नमुन्यांत जिवाणूंच्या विषाचा अंश मिसळलेला होता आणि तोच ओरडत होता? हा पदार्थ बऱ्याचदा जिवाणूंकडूनच बनवून घेतला जातो, त्यामुळे शंका गंभीर आहे. २०१६ सालच्या एका अभ्यासात पूर्ण शुद्ध तुकड्यांनी भक्षक पेशींना अपेक्षेप्रमाणे चेतवलं नाही. म्हणून 'तुकडा म्हणजे गजर' हे वाक्य मी कायद्यासारखं वापरत नाही. पण सीडी४४ नसलेल्या उंदरांत बाहेरून हायलुरॉनन दिलंच नव्हतं. तिथे त्यांच्याच फुफ्फुसातले तुकडे साचले होते. रुग्णांच्या फुफ्फुसातही कोणी ते नेऊन ओतलं नव्हतं. तुकडे एकटे ओरडतात की इतरांच्या साथीने, हा वाद राहो. आवाजाची पट्टी त्या वादातून परत येत नाही.

बिल कोणाच्या नावावर

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो काढ्याचा नाही, हवेचा आहे.

ओझोन वायू वर आकाशात आपलं रक्षण करतो हे शाळेत शिकलो. जमिनीलगत तो वाहनं आणि उद्योगांच्या धुरातल्या घटकांवर ऊन पडून तयार होतो आणि फुफ्फुस जाळतो. २००९ साली स्टाव्रोस गारांट्झिओटिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांना ओझोनमध्ये ठेवलं. त्यांच्या फुफ्फुसात हायलुरॉनन वाढलं आणि श्वासनलिका जरा काही झालं की आक्रसू लागल्या, दम्यात होतं तशा. मग ओझोन न देता नुसते हायलुरॉननचे आखूड तुकडे दिले. तरी श्वासनलिका तशाच आक्रसल्या. लांब साखळी दिली तेव्हा ओझोनचा त्रास कमी झाला. आणि इथे सीडी४४ नसलेले उंदीर बचावले. २००२ च्या प्रयोगात जे नसल्यामुळे उंदीर मेले, तेच नसल्यामुळे. चांगला रेणू, वाईट रेणू अशी यादी करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

या उंदरांना जंतूचा संसर्ग झालेला नव्हता. त्यांची इम्युनिटी 'कमी' नव्हती. त्यांच्या हवेत विष होतं, एवढंच. आपल्याकडे हवा बिघडली की सल्ला कोणाला मिळतो? श्वास घेणाऱ्याला. तू गूळ खा, तू हळद पी, तू प्युरिफायर घे, तू सकाळी धावू नकोस. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा इतकी बिघडली की महापालिकेला बांधकामांसाठी धूळ रोखण्याचे नियम काढावे लागले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. बांधकामाभोवती उंच पत्रे, झाकलेले ट्रक, पाण्याचे फवारे. हे नियम म्हणजे फुफ्फुसाच्या दृष्टीने औषधच, तेही मूळ दुखण्यावरचं. तुमच्या फीडमध्ये त्या नियमांबद्दल किती पोस्ट आल्या आणि डिटॉक्सच्या पेयाबद्दल किती?

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. आत्ताची पंचाईत तिच्याही पुढची आहे. सोमेश्वरी बंब नेणारा त्याचं भाडंही जळणाऱ्याकडूनच घेतो, आणि घर जळालं तर म्हणतो, तुमचीच भिंत कच्ची होती. 'तुझी इम्युनिटी कमी पडली' या वाक्याचा अर्थ यापेक्षा वेगळा नाही. जो आजारी पडला त्याच्यावर आजाराचा दोष टाकणारी ही भाषा आहे. दुसऱ्या लाटेत कितीतरी घरांनी आपल्या माणसाबद्दल हे वाक्य ऐकलं. जो दिवसभर सिमेंटची गोणी फोडतो, जो सिग्नलवर उभा राहून वाहतूक हाकतो, जी चुलीच्या धुरात भाकरी थापते, त्यांच्या फुफ्फुसातली साखळी रोज तुटते. त्यांना शक्ती कमी आहे असं सांगायला आपली जीभ कशी रेटते?

पुढचा धंदाही मला दिसतो आहे. अखंड हायलुरॉनन फुफ्फुसाला सावरू शकतं, हे संशोधन खरं आहे. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना तीव्र खारं पाणी नेब्युलायझरने देताना त्यात हायलुरॉनन मिसळलं तर ते जास्त सुसह्य होतं, असं इटलीतल्या चाचण्यांत दिसलं आहे. उद्या कोणीतरी यावरून 'लंग सीरम' विकायला काढेल. तेव्हा लक्षात ठेवा की या पदार्थाचा सगळा अर्थ लांबीत आहे, शुद्धतेत आहे, मात्रेत आहे आणि वेळेत आहे. लेबलवर यातलं काहीही लिहिलेलं नसेल. फक्त नाव असेल. आणि चेहऱ्याचं सीरम नेब्युलायझरमध्ये घालण्याची कल्पना कोणी रीलमध्ये मांडली तर त्याला तिथल्या तिथे रिपोर्ट करा.

माझं मागणं साधं आहे. 'इम्युनिटी बूस्टर' हा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारा. शरीरातलं नक्की काय वाढणार? कुठे वाढणार? आणि वाढलेलं बंद कोण करणार? विकणाऱ्याकडे तिन्हींची उत्तरं नसतील, तर तुम्ही एक विशेषण विकत घेताय. ते पैसे वाचतील. वाचलेला वेळ मात्र एका कामाला लावा. तुमच्या गल्लीच्या टोकाला जो टॉवर उभा राहतोय, त्याच्याभोवती पत्रे आहेत का, राडारोड्याचे ट्रक झाकलेले आहेत का, पाणी मारलं जातंय का, हे बघा. नसेल तर फोटो काढून वॉर्ड ऑफिसला तक्रार करा, आणि आठ दिवसांनी पुन्हा करा. हे कंटाळवाणं आहे आणि त्याचं रील होत नाही. पण फुफ्फुसातल्या साखळ्या अखंड राहण्याची शक्यता त्यातच जास्त आहे.